तीन टेबलांवरचा आकडा

१

मीटरकाकांच्या उजव्या हातावर वितळलेली चांदी उडाली आणि कारखान्यात दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या. एक आरडाओरडा, आणि दुसरी 'मी नव्हे, मी नव्हे'. आरडाओरडा थोड्या वेळात थांबला. दुसरी गोष्ट मी तिथे पोचले तेव्हाही जोरात चालू होती.

मी विमा कंपनीसाठी चौकशा करते. तोंडावर लोक मला मॅडम म्हणतात आणि पाठीमागे चौकशीबाई. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, आणि खोटं बोलणाऱ्यांपेक्षा हल्ली मला खरं बोलणाऱ्यांचाच जास्त वैताग येतो. खोटं बोलणारा निदान काहीतरी सांगतो. खरं बोलणारा 'मी काहीच केलं नाही' एवढं म्हणून गप्प बसतो.

हा कारखाना मोठे स्विच बनवतो, पंपांचे, लिफ्टचे. स्विचच्या आत चांदीचे दोन तुकडे असतात, एक गोल घुंडी आणि एक सपाट चकती. बटण दाबलं की घुंडी चकतीवर टेकते आणि वीज वाहते. टेकतात तिथे विजेला थोडा अडथळा होतो. अडथळा कमी तर स्विच नुसता कोमट होतो, जास्त तर तापतो. तो अडथळा मोजायचं बारीक यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, ग्राहक घाई करत होता, म्हणून या खेपेला मोजण्याऐवजी तो कंप्यूटरवर गणिताने काढला. उत्तर आलं चाळीस. कसले चाळीस ते मला तीनदा सांगितलं गेलं आणि तीनदा मी विसरले. या चाळिसावर विसंबून चाचणी खात्याच्या मीटरकाकांनी वीज किती सोडायची ते ठरवलं, सोडली, आणि घुंडी वितळली.

गणित केलं ती मुलगी सगळ्या कारखान्यात 'गणितवाली' म्हणून ओळखली जाते. घरी ती मीटरकाकांची सून आहे.

"प्रकरण सरळ आहे," कारखान्याचे साहेब म्हणाले. त्यांच्या खोलीत सगळं नीट कोनात ठेवलेलं होतं, पेन्सिलीसुद्धा. "तिचा आकडा चाळीस. अपघातानंतर तीच धारिका मी आमच्या आरेखकाला त्याच्या संगणकावर चालवायला सांगितली. उत्तर आलं अठ्ठ्याहत्तर. म्हणजे हिने खरं उत्तर जवळपास अर्धं करून दिलं."

"फाइल मधल्या काळात कोणी बदलली असेल," मी म्हटलं.

"धारिका." त्यांनी माझा शब्द दुरुस्त केला. "नाही. शेवटचा बदल कधी झाला ते संगणक सांगतो. तिने आकडा दिल्यापासून धारिकेला कुणाचाही हात लागलेला नाही."

"तुम्ही स्वतः चालवून पाहिली?"

"मी? छे, कधीच नाही. माझ्यापुढे पन्नास कामं असतात." त्यांनी एक पेन्सिल सरळ होती तीच पुन्हा सरळ केली. "तुमचा अहवाल आला की तिला काढून टाकतो आणि पोलिसांत कळवतो. सासऱ्याचा हात भाजलाय, मॅडम. आता सासरा आणि सून म्हटल्यावर घरात काय धुसफूस असेल ती आपल्याला काय ठाऊक."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मला त्या माणसाचा तिथेच राग आला, पण राग हा पुरावा नसतो.

पुरावा तपासणं सोपं होतं. तिने आकडा अर्धा करून लिहिला असेल, तर फाइलमधून उत्तर अठ्ठ्याहत्तर यायला हवं. मी खाली तिच्या टेबलाशी गेले, तिला फाइल उघडायला लावली आणि तिच्या पाठीशी उभी राहिले. चहा आला, मी प्यायले, तिचा तसाच निवला. मग पडद्यावर उत्तर उमटलं.

चाळीस.

२

गणितवाली रडत नव्हती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पण आवाज सरळ होता. रडणारी माणसं मला सोपी जातात.

"काय बदललंस?"

"काही नाही, मॅडम. तुमच्यासमोरच चालवलं."

"मग आरेखकाकडे अठ्ठ्याहत्तर का येतं?"

"तेच तर मला कळत नाहीये. चार रात्री झोपले नाही मी."

मी तिला सांगितलं, मला काही येत नाही असं समज आणि पहिल्यापासून सांग. तिने सांगितलं. आरेखक घुंडी आणि चकतीचं चित्र काढून देतो. मशीन त्या चित्रावर जाळी टाकतं, म्हणजे चित्राचे बारीक बारीक चौकोनी तुकडे करतं, आणि वीज एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात कशी जाईल त्याचा हिशोब करत जातं. जाळी किती बारीक टाकायची ते मशीन आपल्या ताकदीप्रमाणे आपलं आपण ठरवतं.

"मग त्याच्या मशीनची जाळी वेगळी असेल."

"असेल. नवीन मशीन आहे, बारीकच असेल." ती थकल्यासारखी हसली. "पण त्याने इतका फरक पडत नसतो. जाळी बारीक केली की उत्तर थोडं सरकतं आणि मग थांबतं. शंभराचं एकशे दोन होतं. दुप्पट नाही होत. ते आम्ही सगळ्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला टाकलं."

"घुंडी कशी टेकते, ते कोणी सांगितलं?"

"साहेबांनी. एका स्पर्शबिंदूपाशी टेकतात म्हणाले. मी विचारलं, केवढा? तर म्हणाले, बिंदू म्हणजे बिंदू."

मी फाइल एका पेन ड्राइव्हवर घेतली, पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि जिना चढले. गुडघ्याने प्रत्येक पायरीला आपलं मत सांगितलं.

आरेखकाला सगळे 'नकाशे' म्हणतात. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि गणितवालीची बढती झाली त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद. एवढं त्याने न विचारता सांगितलं, म्हणजे तो तरी लपवत नव्हता.

"माझ्या चित्रात खोट काढून दाखवा," तो म्हणाला. "गोल घुंडी आणि सपाट चकती, बरोबर एका बिंदूत टेकवलीत. एक कणभरही आत नाही, बाहेर नाही. इतकं अचूक दुसरं कोणी काढणार नाही."

मी पर्स उघडली, फाइल दिली, शेजारी खुर्ची ओढून बसले. या वेळी चहा येऊन गेला, जेवणाची सुट्टी झाली, मी त्याच्याच टेबलावर डबा खाल्ला, आणि तोंड पुसताना उत्तर आलं. अठ्ठ्याहत्तर.

"एवढा वेळ का लागला? तिच्याकडे तर चहात झालं."

"माझ्या मशीनवर दिवसभर दुसरीही कामं चालू असतात. साहेबांचं मशीन सगळ्यात मोठं आहे आणि रिकामं पडलेलं असतं. त्याच्यावर चुटकीसरशी होईल."

"तू काय बदललंस?"

"काहीही नाही. तुम्ही तर माझ्या मांडीवर बसल्यासारख्या बसला होतात."

खरं होतं. दोघंही माझ्या डोळ्यांदेखत काम करत होती, दोघांनीही काही केलं नव्हतं, आणि तरीही आकडा दुप्पट झाला होता. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जाताना, चेन लावलेल्या माझ्याच पर्समध्ये.

३

संध्याकाळी मी मीटरकाकांच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दाराबाहेर चपलांचं कपाट. मुलगा कामासाठी परगावी असतो, त्यामुळे घरात तिघंच, ती दोघं आणि सून. दार मीटरकाकांच्या बायकोने उघडलं.

"चपला बाहेर," ती म्हणाली. "आणि ऑफिससुद्धा. आमच्याकडे ऑफिसचं बोलणं चपलांबरोबर बाहेर राहतं. हे आणि ती एकाच ठिकाणी कामाला. नियम नसता तर ताटावर बसूनही यंत्रांच्याच गप्पा झाल्या असत्या, आणि मी भिंतीकडे बघत जेवले असते."

"मग मी कुठे बोलू?"

ती जरा विचारात पडली. "आज आत बोला. आता नियमाला काय राहिलंय."

मीटरकाका खुर्चीत बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळलेला, मांडीवर उशी, उशीवर हात. माणूस मुळातच तिरसट. भाजल्यामुळे तिरसटपणाला आणखी जागा झाली होती.

"दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की लोकांना वाटतं, सगळीकडे टेकले," ते म्हणाले. "थापा. टेकतात एखाद्याच ठिकाणी, बाकी सगळीकडे हवा. सगळी वीज तेवढ्यातूनच जाते. चाचणीच्या आधी मी घुंडी भिंगाखाली बघितली होती. दाबल्यावर चकतीवर ठिपका उमटला होता."

"केवढा?"

"दोन केस शेजारी शेजारी ठेवा. तेवढा."

"हे तुम्ही सुनेला सांगितलं होतं?"

"साहेबांना सांगितलं. म्हटलं, ठिपका आहे, तिला कळवा. खात्याचं काम खात्यातून जातं. आणि घरी..." ते थांबले. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "घरी नियम."

"तिने मुद्दाम केलं असेल?"

"चाळीस हा आकडा मीच मान्य केला," ते एकदम चिडून म्हणाले. "सुनेचं गणित म्हणून छाती फुगली माझी. यंत्र येईपर्यंत थांबलो असतो तर हात शाबूत असता. लिहा तुमच्या कागदावर, हा माणूस मूर्ख आहे. पण ती खोटारडी नाही."

मी निघाले तेव्हा त्यांची बायको दारापर्यंत आली. आत सून येऊन ओट्याशी भांडी घासत होती. या दोघींमध्ये चार दिवस एक शब्द झाला नव्हता हे मला कोणी सांगायला नको होतं, भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"त्या हाताने त्यांना घास घेता येत नाही," सासू हळू आवाजात म्हणाली. "मी भरवते. सदतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला मी लहान मुलासारखं भरवते. तिने केलं असेल तर साहेबांच्या आधी मला सांगा. तिची बॅग मी स्वतः भरीन."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्स घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, तिसरं टेबल राहिलंय.

"माझ्या संगणकावर?" त्यांनी भुवया वर केल्या. "चालवा हवी तर. पण थांबून राहू नका. दिवस मावळेपर्यंत उत्तर यायचं नाही. उद्या या."

मी मान डोलावली. अख्ख्या प्रकरणाची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली होती, आणि मी ती न बघता पर्समध्ये टाकली. त्या वेळी माझं डोकं दुसरीकडेच होतं.

मी हट्टाने थांबले. त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर, दिवसभर. मी म्हटलं वेळ, ते म्हणाले अवधी. मी म्हटलं रिपोर्ट, ते म्हणाले अहवाल. दुपारी मला डुलकी लागली, आणि त्यात मी घोरले असेन तर त्याचाही शुद्ध शब्द त्यांनी मनात शोधला असेल.

"काल मीटरकाकांकडे गेले होते," मी वेळ काढायला म्हटलं. "त्यांनी त्या ठिपक्याबद्दल सांगितलं."

"स्पर्शबिंदू," साहेब म्हणाले. "ठिपका म्हणजे कपड्यावरचा. तंत्रज्ञानात नीट शब्द वापरायला हवेत. त्यांनी मला ठिपका म्हणून सांगितलं, मी खाली पाठवताना स्पर्शबिंदू असं सुधारून पाठवलं."

दिवे लागले, माणसं घरी गेली आणि तेव्हा कुठे उत्तर आलं. एकशे त्रेपन्न.

साहेबांनी आकड्याकडे पाहिलं आणि खिन्नपणे मान हलवली. "बघा. म्हणजे तिचा आकडा खऱ्याच्या पावपट होता. तुम्ही तिचा गुन्हा आणखी मोठाच केलात."

बाहेर पडले आणि फाटकाजवळच्या बाकावर बसकण मारली. एक फाइल, तीन टेबलं, तीन आकडे. कुणी काही केलेलं नाही. ज्या मुलीला सोडवावं असं मला वाटत होतं, तिच्याभोवतीचा फास मीच दिवसभर बसून आवळला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरी झाली की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. पर्स बाकावर आपटली. त्यातल्या फणीचा दात मोडला, तेवढंच काय ते हाती लागलं.

समोर रस्त्यापलीकडे सिनेमा सुटत होता. नेहमीची रुंद दारं बंद होती, बाजूचा एकच दरवाजा अर्धवट उघडा. लोक एकमेकांना ढकलत बाहेर पडत होते. कुणीतरी आतून तो दरवाजा आणखी ओढून घेतला आणि गर्दी आणखी तुंबली.

दार अर्धं झालं, तर अडचण दुप्पट.

मग मला आमच्या शाळेतल्या भूमितीच्या बाई आठवल्या. फळ्यावर खडूचा ठिपका काढून मी म्हटलं होतं, हा बिंदू. बाईंनी मला पूर्ण तास उभं केलं होतं. हा ठिपका आहे, त्या म्हणाल्या होत्या, पुसला तर हाताला खडू लागतो. बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. पाठ कर.

पन्नाशी उलटल्यावर तो धडा मला कळला. आणि त्यापाठोपाठ, दिवसभर पर्समध्ये पडून असलेली किल्लीही हाताला लागली.

५

सकाळी लवकर जाऊन मी गणितवालीला आणि नकाशेला एका टेबलाशी बसवलं. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली. "भांडण नंतर," मी म्हटलं. "बिंदू पुसा आणि तिथे ठिपका काढा. दोन केसांएवढा." नकाशेने काढला, गणितवालीने चालवला. मग मी पर्स घेऊन पुन्हा मजले चढले. साहेबांच्या मशीनशी नकाशेला बसवलं, कारण साहेब दिवसभर बैठकीत होते. ते रिकामे झाले तेव्हा मी सगळ्यांना त्यांच्याच खोलीत बोलावलं. मीटरकाकाही पट्टी बांधलेला हात सांभाळत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"आकडा कोणी वाढवला?" मी म्हटलं. "कोणीही नाही. तुम्ही सगळे खरं बोलत होतात, आणि त्यानेच माझं डोकं उठलं. मशीन चित्राचे तुकडे करतं. घुंडीतून चकतीत जायला विजेला एकच दार आहे, आणि त्या दाराला तुम्ही नाव दिलंत बिंदू. बिंदूला रुंदी नसते. आता मशीनने करावं काय? त्याने आपल्या एका तुकड्याएवढं दार ठेवलं. हिचं मशीन जुनं, तुकडे मोठे, दार रुंद, अडथळा चाळीस. याचं मशीन नवं, तुकडे अर्धे, दार अर्धं, अडथळा दुप्पट. साहेबांचं त्याहून मोठं, त्याच्यावर पुन्हा दुप्पट. आणखी मोठं मशीन आणा, आणखी वाढेल. हा आकडा कधीच थांबणार नाही, कारण तुम्ही त्याला थांबायला जागाच दिली नाहीत."

गणितवालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "थांबत नाही," ती हातांआडून म्हणाली. "आम्ही विचारत राहिलो तिन्ही आकड्यांपैकी खरा कुठला. एकही खरा नव्हता. मला हे कळायला हवं होतं."

"हवं होतं," मी म्हटलं. मला खोटं सांत्वन जमत नाही. "तुलाही आणि यालाही. हा इतका अचूक की त्याने जगात नसलेली वस्तू काढली."

मी तीन कागद टेबलावर उलटे केले. ठिपका काढल्यावरचे आकडे. खालच्या मशीनवर एकशे एक. वरच्या मशीनवर एकशे तीन. साहेबांच्या मशीनवर एकशे तीन.

"थांबला," मीटरकाका म्हणाले. त्यांनी तीनही कागद डाव्या हाताने एका रांगेत लावले. "आणि आज सकाळी यंत्र दुरुस्त होऊन आलंय. दुसऱ्या तसल्याच स्विचवर पोरांकडून मोजून घेतलं. शंभर भरलं."

साहेबांनी घसा साफ केला. "म्हणजे एका शब्दाचा गैरसमज झाला. मी फक्त शुद्ध बोललो. त्याबद्दल मला फासावर देणार का?"

"नाही. शब्दाची चूक झाली, ती कुणाच्याही हातून होते. ते एवढंच असतं तर मी आज घरी गेले असते." मी खुर्चीत बसले, कारण गुडघे उभं राहू देत नव्हते. "काल तुम्ही मला म्हणालात, दिवस मावळेपर्यंत उत्तर यायचं नाही. हा नकाशे म्हणाला होता, साहेबांच्या मशीनवर चुटकीसरशी होईल. कुणालाही तसंच वाटेल, मोठं मशीन, रिकामं मशीन. मोठं मशीन तुकडे जास्त करतं आणि म्हणून दिवसभर घेतं, हे न चालवता कळणार नाही. आणि तुम्ही तर म्हणालात, मी ती धारिका कधी चालवली नाही."

साहेबांच्या हातातली पेन्सिल टेबलावर वाकडीच पडली आणि त्यांनी ती सरळ केली नाही.

"चाचणीच्या आधी चालवलीत ना?"

"आदल्या दिवशी," शेवटी ते म्हणाले. आवाजातली सगळी इस्त्री उतरली होती. "एकशे त्रेपन्न आलं. मला वाटलं, माझ्याच मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे. ग्राहक बाहेर बसला होता. चाळीस म्हटलं की स्विच पास होत होता. एकशे त्रेपन्न म्हटलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, बघू, चाचणीत कळेलच."

"चाचणीत कळलं," मीटरकाका म्हणाले, आणि त्यांनी पट्टीतला हात टेबलावर ठेवला.

"दोन उत्तरं वेगळी आली एवढं जरी तुम्ही यांना सांगितलं असतंत, तरी हे थांबले असते," मी म्हटलं. "अपघात झाल्यावर तुम्हाला आयती सून सापडली. ताकाला जाऊन भांडं लपवता येतं, साहेब, पण ताक प्यायला किती वेळ लागतो तेही तुम्ही सांगून बसलात."

अहवालात मी त्यांचं सगळं लिहिलं, शुद्ध भाषेत.

६

मीटरकाकांच्या बायकोला उत्तर द्यायचं राहिलं होतं, म्हणून तिथून निघून थेट त्यांच्या घरी गेले. मीटरकाका रिक्षाने माझ्याबरोबर आले, सून मागून चालत येणार होती. पलंगावर एक बॅग उघडी होती. अर्धी भरलेली, साड्या नीट घडी केलेल्या. राग आलेल्या बाईनेही घडी मोडली नव्हती.

मी सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोने ऐकून घेतलं. बिंदू, जाळी, दार, तिला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. एकच गोष्ट तिने बरोबर उचलली.

"म्हणजे यांनी तिला घरात नुसतं सांगितलं असतं, ठिपका केवढा आहे ते. जेवताना. तर?"

इथे खोटं बोलणं माणुसकीचं झालं असतं. मला जमलं नाही.

"तर झालं नसतं."

"नियम माझा होता," ती म्हणाली.

मीटरकाका म्हणाले, अगं, तुझा काय संबंध. तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. बॅगेतल्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि कपाटात ठेवल्या, घडी न मोडता. मग ओट्याशी जाऊन ताटं घेतली. तीन काढली, माझ्याकडे बघून चौथं काढलं.

सून आली. तिने चपला कपाटात ठेवल्या, आत आली, उघड्या रिकाम्या बॅगेकडे बघून दारातच थांबली.

"आज ऑफिसात काय झालं?" सासूने विचारलं.

मुलीने आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या घरात हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता.

"बस आणि सांग. मला कळलं नाही तरी सांग."

ती बसली. तोंड उघडलं आणि इतके दिवस न आलेलं रडू आलं. सासूने तिला गप्प बस म्हटलं नाही, जवळही घेतलं नाही. समोर पाणी ठेवलं आणि थांबली. मग बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तो ठिपका, म्हणजे केवढा गं?"

मुलीने नाक पुसलं. आपला एक केस उपटला आणि रिकाम्या ताटात ठेवला. दुसरा उपटायला हात वर नेला तेव्हा सासूने तो धरला, आपल्या कानामागचा एक पांढरा केस ओढून काढला आणि काळ्या केसाला लागून ठेवला.

"एवढा?"

"एवढाच, आई."

दोघी ताटावर वाकल्या. मीटरकाकांनाही बघायचं होतं, ते डाव्या हाताने खिशात चष्मा चाचपत होते.